कुंभाराचं गाढव आणि बंद पडणारा कॉम्प्युटर



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून काही जण हसले, ते आम्ही येताना ऐकलं. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, सत्तरी ओलांडलेला, आणि बोलणार कशावर, तर ऑनलाइन गेम खेळताना घरातलं नेट जातं आणि कॉम्प्युटर बंद पडतो त्यावर. पण मागच्या दोन रांगांत आज आठवी-नववीपासून कॉलेजपर्यंतची मुलं बसलेली दिसतात. एरवी या व्याख्यानांना ती फिरकत नाहीत. तेव्हा विषय चुकला असं आम्ही मानत नाही.

आमचा या विषयाशी संबंध एका प्रश्नापुरता आहे. कारण कशाला म्हणायचं? हा प्रश्न आम्ही तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवला. आपल्या खानदेशाला तो परका नाही. अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींच्या आश्रयानं तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, तेव्हापासून असल्या प्रश्नांचा खल आपल्याकडे चाललेला आहे. आज तोच प्रश्न घरोघरी रात्री साडेआठला निघतो, फक्त आवाज जरा चढलेला असतो.

कॉम्प्युटर बंद पडला की घरात चार निदानं होतात. मुलगा म्हणतो, नेटमुळे झालं. वडील म्हणतात, त्या गेममुळे झालं. आई म्हणते, उन्हाळाच तसा आहे, माणसं टिकेनात तर मशीन काय टिकेल. दुरुस्तीवाला येतो आणि म्हणतो, मदरबोर्ड गेला. आता बघा, या चार कारणांचे चार वेगळे खर्च आहेत. मुलाचं मानलं तर महिन्याचा प्लॅन वाढतो. दुरुस्तीवाल्याचं मानलं तर आठ-दहा हजार जातात. आणि वडिलांचं मानलं तर पैसे वाचतात, पण घरातल्या एका पोरावर शिक्का बसतो की यानं कॉम्प्युटर बिघडवला. हा शिक्का पुसायला फार वर्षं लागतात, हे शिक्षक म्हणून आम्ही पाहिलं आहे.

निदानाआधी तक्रार नीट मांडायला हवी. "बंद पडला" या एकाच शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक, गेम अडखळतो, माणूस भिंतीत अडकतो, पडद्यावर नेटवर्कची खूण लाल होते, पण कॉम्प्युटर चालू असतो. दोन, गेम एकदम मिटतो आणि डेस्कटॉप दिसायला लागतो. कॉम्प्युटर याही वेळी चालूच असतो. तीन, सगळाच कॉम्प्युटर जातो. यातही दोन पोटप्रकार आहेत. कधी आधी निळा पडदा येतो, त्यावर काहीतरी इंग्रजी मजकूर असतो आणि मग तो पुन्हा सुरू होतो. २०२५ पासून नव्या विंडोजमध्ये हा पडदा काळा केलाय, तेव्हा रंगावर जाऊ नका, मजकूर वाचा. आणि कधी काहीच न सांगता दिवा विझावा तसा विझतो.

पहिला प्रकार बहुतेक वेळा खरोखर नेटचा असतो. दुसरा नेटचा असू शकतो, गेमच्या बिघडलेल्या फाइलचा असू शकतो, ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचाही असू शकतो. तिसऱ्यात मात्र थांबायला हवं. नेट जाणं म्हणजे काय? बाहेरून येणारी माहिती यायची थांबली. माहिती आली नाही म्हणून यंत्र विझत नाही. टपाल आलं नाही म्हणून घराचे दिवे जात नाहीत. तरी दहातले आठ लोक सांगतात, "सर, आधी नेट गेलं, मग कॉम्प्युटर गेला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं." ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा तपासायचा आहे.

इथे आपले नैयायिक मदतीला येतात. घडा तयार होतो तेव्हा त्याची कारणं कोणती? माती, चाक, काठी, कुंभार. आणि माती वाहून आणणारं गाढव? तेही तिथेच उभं असतं. घड्याच्या आधीही असतं. रोज असतं म्हणा ना. मग ते कारण का नाही? नैयायिक म्हणतात, ते "अन्यथासिद्ध" आहे. म्हणजे त्याच्यावाचून काम भागतं. माती डोक्यावरून आणली, हातगाडीवरून आणली, तरी घडा होतोच. नुसतं आधी असणं, किंवा जवळ असणं, एवढ्यानं कोणी कारण होत नाही. कारण व्हायला दोन अटी आहेत. ते कार्याच्या आधी नेमानं असलं पाहिजे, आणि ते टाळता येण्यासारखं फालतू असता कामा नये. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधायच्या रीती मांडल्या, त्यांचा गाभा आपल्या अन्वय-व्यतिरेकाच्या जवळचाच आहे. हे असताना ते होतं का, आणि हे काढून घेतल्यावर ते थांबतं का? दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. भांडण सगळं पहिल्या अर्ध्यावर चालतं.

आता एका घराची गोष्ट सांगतो. गाव आपल्या सावद्याच्या जवळचंच, नाव सांगत नाही. वडील केळीवाले. थोरली मुलगी घरून एका पुण्याच्या कंपनीचं काम करते, दिवसभर कॉलवर असते. कॉम्प्युटर तिच्या कामासाठी घेतला, जरा भारी घेतला, आणि संध्याकाळी धाकटा भाऊ त्यावर व्हॅलोरंट खेळतो. एप्रिलपासून त्रास सुरू झाला. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान आधी नेट जायचं, मग कॉम्प्युटर विझायचा. राउटर बदलून झाला, प्लॅन शंभरचा दोनशे केला. काही फरक नाही. मुलीचेही कॉल तुटायला लागले आणि वरून तंबी आली, की कनेक्शन सुधारा नाहीतर पुण्याला येऊन बसा. वडिलांनी ठरवून टाकलं होतं, गेम काढायचा, पोराला कॉम्प्युटरला हात लावू द्यायचा नाही, आणि मुलीला पुण्यात खोली बघायची. पोरगा म्हणत होता, "भाऊ, नेटमुळेच होतं," आणि घरात त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हतं.

आम्ही त्यांना एक वही घालायला सांगितली. शंभर पानी, साधी. त्यात चार रकाने. वेळ काय. काय काय गेलं, राउटर का कॉम्प्युटर का दोन्ही. कॉम्प्युटरवर तेव्हा काय चाललं होतं. आणि चौथा रकाना, घरात त्या क्षणी आणखी काय झालं, म्हणजे कूलर लावला, मोटर लावली, दिवा लुकलुकला, पंखा मंदावला, काहीही. हा चौथा रकाना मुलांना फालतू वाटतो. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच.

अकरा दिवसांनी वही पाहिली. कॉम्प्युटर नऊदा विझला होता, आणि नऊही वेळा राउटर बंद पडलेला. इथवर पोराचं बरोबर. पण राउटर एकूण तेवीसदा गेला होता! म्हणजे चौदा वेळा नेट गेलं आणि कॉम्प्युटर मात्र सुखरूप. कारण आहे आणि कार्य नाही, याला तर्कशास्त्रात "व्यभिचार" म्हणतात. हसू नका, शास्त्रातला शब्द आहे, व्यवहारातला अर्थ नंतर चिकटला. तर नेट हे कॉम्प्युटर विझण्याचं कारण, हा सिद्धान्त वहीच्या दुसऱ्याच पानावर पडला. आणि चौथ्या रकान्यात तेवीसच्या तेवीस वेळा काही ना काही होतं. कुठे "ट्यूब लुकलुकली", कुठे "पंखा मंदावला", कुठे "कूलर लावला".

म्हणजे वीज. वीज पूर्ण जात नव्हती, झपका मारत होती. राउटरचा तो छोटा बारा व्होल्टचा अडॅप्टर, त्याच्यात दम कमी, तो पहिल्याच झपक्याला माघार घ्यायचा. राउटर पुन्हा सुरू होऊन फायबरशी जुळायला दोन-तीन मिनिटं घेतो, तेवढ्यात दुसरा मोठा झपका यायचा आणि कॉम्प्युटर विझायचा. म्हणून डोळ्यांना दिसायचं ते असं, की आधी नेट, मग कॉम्प्युटर. नेट हे कुंभाराचं गाढव होतं.

मग वडील म्हणाले, "सर, झपका दिवसाही येतो. तेव्हा कॉम्प्युटर जात नाही. पोरगा बसला की जातो. म्हणजे गेमच ना?" आम्हाला हा प्रश्न फार आवडला, कारण हा उत्तम विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. उत्तर असं. कॉम्प्युटरच्या पेटीत एक वीजपुरवठ्याचा डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. त्याच्यात थोडी वीज साठलेली असते. बाहेरची वीज क्षणभर खंडित झाली तर तो त्या साठ्यावर तग धरतो. किती वेळ? पूर्ण भारावर जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणजे एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं. एका आवर्तनाइतकाही दम नाही. पण हा हिशेब पूर्ण भारावरचा. मुलगी कॉलवर बसते तेव्हा कॉम्प्युटर साठ-सत्तर वॉट ओढतो. गेम लागला, ग्राफिक्स कार्ड जोरात धावायला लागलं, की तोच तीनशेच्या पुढे जातो. साठा तोच, पिणारे चौपट. टाकीत तेवढंच पाणी आणि नळ एकाऐवजी चार सोडलेत. दिवसाचा झपका मुलीच्या वेळी पचून जायचा, रात्रीचा मुलाच्या वेळी पचत नव्हता. म्हणजे गेम हे गाढव नाही, ते सहकारी कारण आहे. पण दोष त्याचा नाही. उद्या मुलीनं त्याच कॉम्प्युटरवर व्हिडिओ एडिटिंग केलं असतं तरी तेच झालं असतं.

घरात इन्व्हर्टर होता. तो असताना कॉम्प्युटर का विझावा? आता हे सगळ्यांनी घरी गेल्यावर बघा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना एक छोटा खटका असतो, बहुतेक मागच्या बाजूला. त्यावर एकीकडे "यूपीएस" आणि दुसरीकडे "नॉर्मल" किंवा "इको" लिहिलेलं असतं. नॉर्मलवर असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला तो अंमळ वेळ घेतो. पंख्याला, दिव्याला कळतही नाही, कॉम्प्युटरला कळतं. यूपीएसवर टाकला की बदल फार लवकर होतो, आणि व्होल्टेज जरा घसरलं तरी तो बॅटरीवर जातो. बॅटरी जरा जास्त खर्च होते, हा त्याचा तोटा. आणखी एक, जुने स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतात, ती काही चांगल्या एसएमपीएसना मानवत नाही. साइन वेव्हचा असावा. आणि इन्व्हर्टरची ताकद बघूनच कॉम्प्युटर लावा, नाहीतर तीनशे-चारशे वॉटचा गेम, टीव्ही आणि चार पंखे एकत्र आले की तो ओव्हरलोड होऊन स्वतःच बसतो.

पण आम्ही त्यांना दोन्ही उपाय एकदम करू दिले नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि त्रास थांबला, तर कशानं थांबला हे कायमचं गेलं. आधी फक्त राउटरला ते छोटं बारा व्होल्टचं यूपीएस लावलं. दीड-दोन हजारांत मिळतं. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यायचे. चार दिवस नेट एकदाही गेलं नाही, आणि कॉम्प्युटर तरीही दोनदा विझला. नेट निर्दोष सुटलं. हा व्यतिरेक. मग इन्व्हर्टरचा खटका यूपीएसवर केला. त्यानंतर कॉम्प्युटर विझला नाही.

बहुतेकांनी इथे वही बंद केली असती. आम्ही म्हटलं, एवढे झपके येतात कुठून? शेजारच्या घरी का येत नाहीत? वायरमनला बोलावलं. मीटरनंतरच्या बोर्डात न्यूट्रलचा जॉइंट ढिला होता, तापून तापून काळा पडलेला, वरचं आवरण वितळून चिकटलेलं. संध्याकाळी कूलर, टीव्ही, मिक्सर, कॉम्प्युटर सगळे एकत्र चालले की तिथे वीज अडखळायची. न्यूट्रल पूर्ण तुटला असता तर काय काय जळालं असतं ते वायरमननं वडिलांना समजावून सांगितलं. ते आम्ही इथे सांगत नाही, लहान मुलं बसली आहेत. एवढंच सांगतो, की घरातले सगळे दोन महिने राउटरकडे बघत होते आणि धोका भिंतीत होता. असला जॉइंट घरच्या मुलांनी उघडायचा नाही. टेस्टर घेऊन पराक्रम करणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. पोरगा अजून खेळतो. मुलगी घरीच आहे.

आता कॉम्प्युटर स्वतः काय सांगतो ते बघू, कारण तोही आपली वही ठेवतो. विंडोजमध्ये शोधाच्या चौकटीत "रिलायबिलिटी" असं इंग्रजीत टाइप केलं की रिलायबिलिटी मॉनिटर नावाचा तक्ता उघडतो. दिवसागणिक लाल फुल्या दिसतात, कुठल्या दिवशी काय कोसळलं ते. जास्त तपशील हवा तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात सिस्टिम हा भाग. तिथे "कर्नल-पॉवर ४१" अशी नोंद असेल तर घाबरू नका. तिचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. ते का, हे ती सांगत नाही. अंत्ययात्रा निघाली एवढं कळतं, रोग कळत नाही. पण त्या नोंदीच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल आणि निळ्या पडद्याची दुसरी काही नोंद नसेल, तर संशय विजेवर किंवा उष्णतेवर जातो. कोड असेल, तर मामला आतल्या सॉफ्टवेअरचा, ड्रायव्हरचा किंवा रॅमचा.

इथे एक अपवाद मान्य करायला हवा. नेटमुळे अख्खा कॉम्प्युटर कोसळण्याचा एक खराखुरा रस्ता आहे, तो म्हणजे नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे वायफाय किंवा लॅनच्या चिपशी बोलणारा छोटा प्रोग्राम. साधे प्रोग्राम चुकले तर एकटे मरतात. ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसलेला असतो. तो चुकला की सगळं घर बसतं. गेममध्ये नेटवर ये-जा सारखी चालू असते, म्हणून त्याची चूक तेव्हाच उघडी पडते. ओळख अशी, की निळा पडदा येतो आणि त्यावर कधी कधी दोषी फाइलचं नाव दिसतं. ते नाव वायफाय किंवा लॅन चिपच्या कंपनीशी जुळत असेल तर धागा सापडला. मोबाइलनं फोटो काढून ठेवा, पडदा थांबत नाही. उपाय म्हणजे लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ताजा ड्रायव्हर घ्यायचा. त्रास नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून मागचा परत आणायचा. तिथेच पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करायची मुभा कॉम्प्युटरला दिलेली असते, ती काढून घ्या. आणि "गेम बूस्टर", फुकटचं व्हीपीएन, दोन-दोन अँटिव्हायरस, ही सगळी मंडळी नेटच्या वाटेवर आपापला नाका टाकून बसतात. ती आधी हटवा. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअरही कर्नलमध्ये चालतं. एका गाभाऱ्यात पुजारी वाढले की धक्काबुक्की होते.

ड्रायव्हरवर संशय असेल तर सोपी परीक्षा आहे. वायफाय बंद करा आणि लॅनच्या तारेनं दोन-चार दिवस खेळा. कोसळणं थांबलं, तर वायफायच्या ड्रायव्हरवरचा संशय पक्का होतो. यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल असेल तर तो हात लावून बघा, किती तापतो ते.

उष्णतेचं थोडक्यात. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, हे तुम्हाला सांगायला आम्ही नकोत. प्रोसेसर साधारण पंच्याण्णव ते शंभर अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्याहून चढला तर जीव वाचवायला बंद होतो. खोलीच पंचेचाळिसाची असेल तर त्याला मधे जागा किती उरली? त्यात पंख्यांत धूळ. वर्षातून दोनदा, होळीच्या सुमारास आणि दिवाळीला, पेटी उघडून ब्लोअरनं साफ करून घ्या. आणि कूलरचा झोत थेट कॉम्प्युटरवर सोडू नका. आपलं पाणी क्षाराचं, ते तुषार आत जाऊन बसतात. उष्णतेची खूण अशी, की गेम सुरू झाल्यावर साधारण ठरावीक वेळानं, वीस-पंचवीस मिनिटांनी, आधी हळू होऊन मग विझतो. विजेच्या झपक्याला असलं वेळापत्रक नसतं.

आता खरोखर नेटचाच दोष असेल तर. आधी एक गैरसमज. प्लॅनचा वेग वाढवला म्हणजे गेम सुधारेल हे बहुतेक वेळा चूक आहे. आपल्या सावदा स्टेशनातून दिल्लीकडे केळीच्या वॅगन जातात. वॅगनमध्ये किती केळी मावतात हा एक प्रश्न, आणि गाडी दिल्लीला किती तासांत पोचते हा दुसरा. शंभरचा प्लॅन तीनशेचा केला म्हणजे वॅगन मोठी झाली, गाडी लवकर पोचत नाही. खेळ चालू असताना बहुतेक गेमना एक-दोन एमबीपीएसही पुरतात. त्यांना हवी असते ती वेळ, जिला तुम्ही मुलं "पिंग" म्हणता. हा शब्द पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून आला. अमेरिकेत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये तो छोटा प्रोग्राम लिहिला. हाक मारायची आणि प्रतिसाद किती मिलिसेकंदांत येतो ते मोजायचं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई इथून रेल्वेनं साडेचारशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन नऊशे. नुसत्या प्रकाशाला साडेचार मिलिसेकंद पुरतात. मधल्या यंत्रांचे थांबे धरून वीस-तीस झाले तर ठीक. मुंबईच्या सर्व्हरवर खेळताना दीडशे दिसत असेल, तर वाटेत कुठेतरी फाटक बंद आहे. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळत असाल तर मात्र तक्रार भूगोलाकडे करावी लागेल. गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर कुठला निवडलाय ते आधी बघा.

फाटक कुठलं ते शोधायला कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत स्वतःच्या राउटरला सतत पिंग लावा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, राउटरखाली छापलेला असतो. दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, समजा ८.८.८.८, हा गूगलचा. आज्ञा आणि आकडे अर्थात इंग्रजीत टाइप करायचे, आणि "पिंग"नंतर जागा सोडून आडवी रेघ आणि "टी" जोडलं की ती थांबेपर्यंत चालू राहते. मग खेळा. अडखळलं की खिडक्या बघा. दोन्हीत गडबड असेल तर दोष घरात आहे, कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधे. राउटरची खिडकी शांत आणि बाहेरची बिघडलेली असेल, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, तेव्हा कनेक्शनवाल्याला फोन करायला हरकत नाही. हे दोन आकडे हातात असले की तोही तुम्हाला "राउटर बंद करून चालू करा" एवढ्यावर वाटेला लावत नाही.

घरातला दोष आपल्याकडे बहुधा भिंतींचा. सावद्यातली जुनी धाब्याची घरं बघा, मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती. उन्हाळ्यात उत्तम, वायफायला वैरी. राउटर ओसरीत आणि पोरगा माडीवर, कसं पोचायचं? त्यातून राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवलेला. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा भिंतीतून बरा जातो पण त्यावर गर्दी असते, त्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच, एक, सहा आणि अकरा, आणि आळीतले सगळे राउटर तिथेच बसलेले. ५ गिगाहर्ट्‌झचा मोकळा असतो पण एका जाड भिंतीत दमतो. आमचं मत विचाराल तर गेमसाठी दोनशे-चारशे रुपयांची लॅनची तार टाका, वायफायशी झुंजत बसू नका. नव्या राउटरपेक्षा ती स्वस्त पडते आणि जास्त काम करते.

दुसरं, घरात कोणी लग्नाचा व्हिडिओ पाठवत असेल किंवा कोणाचा मोबाइल चार्जिंगला लावून फोटोंची प्रत क्लाउडवर चढवत असेल, तर अपलोडची वाट तुंबते आणि गेमची छोटी पाकिटं त्या रांगेत मागे उभी राहतात. राउटरमध्ये क्यूओएस नावाची सोय असेल तर ती लावा, नसेल तर त्या मोबाइलचा बॅकअप रात्री उशिरा ठेवा. घराबाहेरचा दोष म्हणजे फायबर. ती काचेची तार आहे, खिळ्याभोवती काटकोनात वाकवली की प्रकाश बाहेर गळतो. पेटीवर एलओएसचा लाल दिवा लागला तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. राउटरच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसते, उणे सत्तावीसच्या आसपास किंवा त्याखाली गेली असेल तर जोडणी पुन्हा करून घ्या.

आता प्रश्न. एक चिठ्ठी आली आहे: "रॅम खराब असेल तर कसं ओळखायचं?" विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची चाचणी आहे, ती रात्री लावून ठेवा. निळा पडदा दर वेळी वेगळंच कारण सांगत असेल, तर रॅमवर संशय घ्यायचा. कित्येकदा ती काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवली तरी भागतं.

दुसरा प्रश्न या ताईंचा: "पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा नुसतं बटन बंद केलं तर चालतं का?" नाही चालत. प्लग काढायचा, आणि लॅनची तारही कॉम्प्युटरमधून काढायची. ती लोक विसरतात. जूनच्या वादळात केबलवाल्याची तांब्याची तार गच्चीवरून आलेली असेल तर जवळ वीज पडताच तिच्यातून झटका आत येतो आणि लॅनचा पोर्ट जळतो, कधी मदरबोर्डही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसवून वापरू नका, आणि अर्थिंग तपासून घ्या. खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतं राहतं. शक्य असेल तर गच्चीवरची तार बदलून फायबर घ्या, काचेतून वीज वाहत नाही. फक्त काही फायबर केबलींना आधारासाठी पोलादी तार असते, ती घराबाहेरच, खांबापाशी तोडून घ्यायला सांगा.